टोकाला दारं असलेली हिरवी व्हॅन

हॉलिनबेक, लँकशायर
सोमवार, १२ सप्टेंबर १९९४

प्रिय क्लिफ,

तू बरा असशील. पेन्झान्सला अजून ऊन असेल. इथे आठ दिवस सूर्य दिसलेला नाही, आणि घेवड्याच्या शेंगा वेलावरच काळ्या पडल्या. माझा गुडघा रेडिओच्या आधी पाऊस सांगतो. बाकी ठीक. आई गेल्याचं कळवलं त्यानंतर मी तुला लिहिलं नाही, त्याला चोवीस वर्षं झाली. पत्ता तोच आहे असं धरून चालले आहे. नसला तर पत्र परत येईल आणि मी नवा पत्ता शोधून काढीन. तेव्हा सुटका नाही, हे आधीच सांगते.

तुला माहीत नसेल, पण मी बावीस वर्षं इथल्या मॉडेल रेल्वे क्लबात आहे. पहिली दहा वर्षं मी एकटीच बाई होते. सगळ्यांना वाटायचं मी सँडविचं करायला आले आहे. आता कुणाची बिशाद नाही. पार्सल व्हॅन, म्हणजे पार्सलांचा रेल्वेडबा, म्हटलं की माझ्याकडे यावं लागतं. इंजिनं सगळ्यांनाच ओळखता येतात. इंजिनाला नाव असतं, नाक असतं. पार्सल व्हॅनकडे कोण बघतं? पण ती मूळची कुठल्या रेल्वेची, दुधाची की फळांची, तिला किती चाकं, छतावर किती पंखे, हे पाहिलं की प्रत्येकीचं खरं माणूस सापडतं. माणूस म्हणजे मॉडेल ज्या खऱ्या व्हॅनची नक्कल असतं ती. असं बोलायची सवय लागली आहे.

गेल्या गुरुवारचं सांगते. आमचे सेक्रेटरी डेझमंड पिकप यांनी कुणा वारलेल्या माणसाची पेटी लिलावातून आणली. सतरा व्हॅन, एकीवरही धड नाव नाही. सगळे टेबलाभोवती जमले.

"ही चार चाकांची साधी पार्सल व्हॅन दिसते," डेझमंड म्हणाले. "डब्यावर तसंच छापलंय."

"डब्यावर छापणाऱ्याने चाकं मोजली नसतील. सहा आहेत. आणि छतावर शेगडीचं धुराडं आहे. गार्ड बसायची व्हॅन आहे ती."

"मग ही?"

"कबुतरांची. आत फळ्यांचे कप्पे बघा. शर्यतीची कबुतरं न्यायची. तुमच्या वडिलांनी लीड्सहून पाठवली असतील की अशी."

"माझे वडील दंतवैद्य होते, मिस फोदरगिल."

"दंतवैद्यांनी कबुतरं पाळू नयेत असा काही नियम आहे का?"

सगळे हसले. डेझमंडही हसले, ते वाईट नाहीत. फक्त प्रत्येक गोष्टीला लेबल लावल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

आता कामाचं. स्टेशन पाडून तिथे मोटारी उभ्या करायची जागा झाली, हे तू ऐकलं असशील. क्लब ते स्टेशन पुन्हा उभं करतो आहे, शहात्तर पट लहान. आमचं पार्सल ऑफिस, पाण्याची टाकी, सगळं. बारा नोव्हेंबरला टाउन हॉलात प्रदर्शन आहे. डेझमंडना एका फोटोवाल्याच्या मुलीकडून ९ फेब्रुवारी १९६१ चा एक फोटो मिळाला. सव्वातीनची पार्सल गाडी. त्यांनी ठरवलं, हीच गाडी हुबेहूब करायची आणि शेजारी माहितीचं कार्ड लावायचं. कार्डाचा मसुदा त्यांनी मला दाखवला. तो असा:

'याच गाडीच्या शेवटच्या व्हॅनचे टोकाचे दरवाजे उघडून स्कार्थ रोड स्टेशनवर हमाल टॉम बर्टविसल जायबंदी झाले. लेखी सूचना मिळूनही गार्ड सी. फोदरगिल यांनी ते दरवाजे तपासले नव्हते.'

"फोदरगिल म्हणजे तुमच्यापैकी कुणी?" त्यांनी विचारलं.

"भाऊ."

"अरेरे. मला ठाऊक नव्हतं. नाव काढू का?"

"नाव राहू द्या. बाकीचं काढावं लागेल."

हे कार्ड मी असं लागू देणार नाही, क्लिफ. फोटोत शेवटच्या हिरव्या व्हॅनच्या फळ्या एकसारख्या रुंदीच्या नाहीत, दोन रुंद, दोन अरुंद अशा आहेत. म्हणजे ती टोकाला दारं असलेलीच, सीसीटी. तू सकाळी तपासलीस ती सारख्या फळ्यांची, टोकाला दारं नसलेली पीएमव्ही होती. म्हणजे तू तपासल्यावर व्हॅन बदलली, हे फोटोवरूनच सिद्ध होतं. तुझ्या आठवणीत काही असेल तर कळव.

टॉम बर्टविसलही क्लबात येतो, काठी घेऊन. दाराजवळच्या टेबलावर बसून येणाऱ्यांची नावं लिहितो. मी क्लबात आल्यापासून त्याला दर गुरुवारी बटाट्याचं सारण भरलेली पाई करून नेते.

एनिड


शुक्रवार, ३० सप्टेंबर

प्रिय क्लिफ,

तुझं कार्ड पोचलं. तेहतीस वर्षांनी भावाचं अक्षर दिसलं आणि ते काय म्हणतं? 'असमान फळ्या दोन्ही जातींना होत्या. युद्धानंतर कित्येक पीएमव्ही तशाच बांधल्या. फळ्यांवरून काही ठरत नाही. नंबर बघ.' मी पत्रपेटीपाशी उभी राहून वाचलं आणि मला हसू आलं. मग मी तिथेच पायरीवर बसले.

तुझं बरोबर आहे. बावीस वर्षं मी लोकांना शिकवते आहे की बाजूने या दोघी जुळ्या आहेत, टोक पाहिल्याशिवाय बोलू नका. आणि मीच फळ्यांवर भाळले. असं का झालं ते मला कळतं. मला ते लवकर सिद्ध व्हायला हवं होतं. हा धडा मी क्लबात कबूल केला. डेझमंडना इतका आनंद झाला की त्यांनी तारीख वहीत लिहून ठेवली.

मग मी मोठं भिंग घेऊन बसले. नंबराचे शेवटचे दोन आकडे दिसतात, आधीचा एक अर्धवट. ते मी जुन्या याद्यांशी ताडून पाहिले. व्हॅन सीसीटीच. तेव्हा उत्तर बरोबर, रीत चूक. तुला इतकं नेमकं कसं माहीत? तूही मॉडेलं करतोस की काय? की घरात याद्या ठेवतोस? तसं असेल तर आपण दोघं देशाच्या दोन टोकांना बसून त्याच व्हॅनवर आयुष्य घालवलं म्हणायचं.

बातम्या फार नाहीत. शेजारच्या ग्रेटाच्या मांजरीला पिल्लं झाली आणि ती माझ्या कोळशाच्या खोलीत आणून ठेवली, जणू मी दाई. क्लबाकडे सीसीटीचं मॉडेल नाही. एक पीएमव्ही होती, तिची टोकं करवतीने कापून मी प्लॅस्टिकच्या पत्र्याची नवी टोकं बसवते आहे. दोन दारं, त्यांच्या बिजागऱ्या, खालच्या दोन खिट्या. खिट्या तारेच्या केल्या, पापणीच्या केसाएवढ्या. तीन मोडल्या. चौथ्यांदा करते आहे. डेझमंड म्हणाले, "अहो, टोक भिंतीकडे राहणार, बघणार कोण?" मी म्हटलं, "मी बघणार." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

तुझ्या कार्डावर खाली आणखी एक ओळ आहे. 'आणि व्हॅन बदलली हे कुणी नाकारलंच नव्हतं.' ती मी वाचली नाही असं समजू नकोस. फोटो मी भिंगाने इतक्या वेळा पाहिला, त्यात पार्सल ऑफिसची खिडकीही आहे. पण आज हात दुखतो आहे आणि टपाल पाच वाजता निघतं.

एनिड


रविवार, २३ ऑक्टोबर

प्रिय क्लिफ,

मॉडेल झालं. रंगही दिला, तो दक्षिणेकडचा हिरवा. आपल्याकडच्या लालसर व्हॅनांत पाहुण्यासारखी दिसते. तशीच दिसत होती त्या दिवशी.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. पहिल्यात हवामानच दोन पानं होतं. या वेळी सरळ लिहिते.

फोटोच्या मागे फोटोवाल्याने वेळ लिहिली आहे. तीन बारा. गाडीला सिग्नल मिळालेला आहे. हिरवी व्हॅन शेवटी, दिवा लागलेला. आणि पार्सल ऑफिसच्या खिडकीत एक बाई कप घेऊन उभी आहे. क्लबातल्या एकोणीस जणांनी तो फोटो हाताळला. कुणाला ती बाई दिसली नाही. सगळे व्हॅन बघतात. ती मी आहे. चौकशीत मी सांगितलं होतं की तीन वाजून पाच मिनिटांनी मी बाहेर जाऊन व्हॅनचं टोक पाहिलं, चिठ्ठी लिहिली आणि तीन बाराला तुझ्या हातात दिली.

तू मला कधी विचारलं नाहीस, म्हणून मी कधी सांगितलं नाही. आता न विचारता सांगते.

बाहेर गारा मिसळलेला पाऊस होता. डबे जोडणारा-सोडणारा शंटर जॅब्झ पीएमव्हीच्या चाकांचा तापलेला आस बघायला तिला बाजूच्या रुळावर, साइडिंगवर घेऊन गेला. थोड्या वेळाने एक हिरवी व्हॅन परत जोडली, दिवा टांगला. मी खिडकीतून पाहिलं. मला वाटलं तीच परत आली. चार चाकं, हिरवा रंग, फळ्यांच्या भिंती. तू पुढच्या व्हॅनमध्ये पार्सलं लावत होतास. तूही डोकावून पाहिलं असशील आणि तुलाही तीच वाटली असेल. बाजूने तशीच दिसते. पण बाहेर जाऊन टोक पाहणं आणि गाडीत काही बदललं असेल तर गार्डला चिठ्ठी देणं, हे माझं काम होतं. तुझं नाही. तुला चिठ्ठी मिळाली असती तर तू मागे गेला असतास, खिट्या पाहिल्या असत्यास. तू न बघता कधी गाडी सोडलेली नाहीस. मला थंडी वाजत होती आणि नुकताच चहा ओतला होता. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं.

पावणेचारला स्कार्थ रोडहून फोन आला. गाडी थांबताना आतले नाटकाचे पडदे आणि लाकडी चौकटी पुढे-मागे सरकल्या, टोकाचे दरवाजे उघडले आणि टॉम बर्टविसल मागे दिव्याची वात बघत होता. मी आधी विचारलं, जिवंत आहे का. दुसरं विचारलं, टोकाचे दरवाजे कुठले, त्या व्हॅनला दारं नव्हती. मग मी साइडिंगवर धावत गेले. पीएमव्ही तिथे उभी होती.

परत आले आणि चिठ्ठी लिहिली. वेळ घातली तीन पाच. वरची प्रत फाडून शेगडीत टाकली. कार्बनची प्रत वहीत राहिली. चौकशीत तीच पुरावा झाली.

मला पुढच्या खोलीतून बोलावलं तेव्हा तुझं आधीच सांगून झालं होतं की चिठ्ठी मिळाली नाही. साहेबांनी वही पुढे केली. "मिस फोदरगिल, तुम्ही चिठ्ठी दिलीत?" मी हो म्हणाले. मग ते तुझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ही तुमची सख्खी बहीण आहे. तुमच्याविरुद्ध खोटं बोलायला तिला काय कारण?" तू माझ्याकडे पाहिलंस. मला अजून वाटतं, तू ओरडशील म्हणून मी वाट पाहत होते. तू म्हणालास, "नाही साहेब, ती खोटं बोलत नाही. मिळाली असेल. मीच विसरलो असेन."

तुझी गार्डची शिट्टी आणि कोट गेला. झाडू हातात आला. तू दोन महिने फलाट झाडलास, माझ्या खिडकीसमोर. मग गेलास. आई मरेपर्यंत म्हणत होती, क्लिफर्ड पोर चांगला, पण बेफिकीर. मी तिच्या उशाशी बसून ते ऐकलं आणि मूग गिळले.

मी घाबरले होते, हे खरं. मला नोकरीवरून काढतील, आईचं काय होईल, हेही खरं. पण त्या दिवशी संध्याकाळी मी बोलू शकले असते. दुसऱ्या दिवशीही. तेहतीस वर्षांत बारा हजार दिवस असतात. एकाही दिवशी मला कुणी अडवलं नव्हतं.

त्यानंतर मी व्हॅन शिकले. लोकांना वाटतं, एकटी बाई, काहीतरी छंद हवा. छंद वगैरे काही नाही. त्या दिवशी मला एक व्हॅन दुसरीपासून ओळखता आली नाही, म्हणून मी सगळ्या शिकले. शिकून झाल्या आणि काहीच बदललं नाही.

आता माझं ठरलं आहे. कार्ड मी लिहिणार. प्रदर्शन सुरू व्हायच्या आधी, सकाळी, टॉमला वाचून दाखवणार, कारण त्याने ते चार लोकांत प्रथम वाचू नये. तुझी परवानगी मागत नाही. तुला कळवते आहे.

एनिड


सोमवार, १४ नोव्हेंबर

प्रिय क्लिफ,

तुझं दुसरं कार्ड गुरुवारी आलं. 'काही करू नकोस. आता काय उपयोग. टॉमला नाहक त्रास. मी केव्हाच विसरलो.' तू विसरलेला नाहीस. विसरलेल्या माणसाला नंबरांच्या याद्या तोंडपाठ नसतात. आणि एकदा तू माझ्या वतीने बोललास, ते पुरे झालं. या वेळी मी तुझं ऐकलं नाही.

काय झालं ते क्रमाने सांगते, कारण तू गार्ड आहेस आणि तुला क्रमाने लागतं.

शनिवारी सकाळी आठला मी टाउन हॉलात गेले. डेझमंड आधीच येऊन टेबलांवरच्या चादरी सरळ करत होते. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यावर असं लिहिलं आहे:

'९ फेब्रुवारी १९६१. सव्वातीनची पार्सल गाडी. गार्ड सी. फोदरगिल यांनी गाडी नीट तपासली होती. त्यानंतर शेवटची व्हॅन बदलून टोकाला दारं असलेली व्हॅन जोडली गेली. त्याची सूचना गार्डना देण्यात आली नाही. ती देणं पार्सल ऑफिसच्या कारकून ई. फोदरगिल यांचं काम होतं. चौकशीत त्यांनी दिल्याचं सांगितलं. ते खोटं होतं.'

डेझमंडनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला.

"मिस फोदरगिल, हे प्रदर्शन आहे. लोक मुलांना घेऊन येतात."

"मग मुलांनाही खरं वाचू द्या."

"थोडं मऊ करता येणार नाही? 'गैरसमजातून' वगैरे?"

"डेझमंड, सहा चाकांच्या व्हॅनला चार चाकांची म्हटलेलं तुम्हाला चालतं का?"

 "नाही," ते म्हणाले आणि टाचण्या आणायला गेले. त्या माणसाबद्दल मी आजवर जे जे बोलले त्यातलं निम्मं मागे घेते.

टॉम पावणेनऊला आला. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला नाही. चहा देऊन सांगणं मला बरं वाटेना. मी उभी राहून कार्ड वाचलं, सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत. तो काठीच्या मुठीकडे बघत होता.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे क्लिफने..."

"क्लिफने काही केलं नाही. मी केलं."

"बावीस वर्षं तू मला पाई खायला घालतेस."

"हो."

"मला वाटायचं, भावाच्या वतीने घालतेस. मी बायकोला म्हणायचो, बघ, भाऊ कसा निघाला आणि बहीण कशी आहे."

 तो उठायला लागला, मी हात पुढे केला, त्याने घेतला नाही. टेबलाला धरून उठला. गाडीच्या मॉडेलकडे गेला, वाकायला त्याला वेळ लागतो. भिंतीकडचं टोक दिसावं म्हणून त्याने व्हॅन रुळावरून उचलली. प्रदर्शनातलं मॉडेल उचललं की डेझमंड एरवी किंचाळतात. त्या दिवशी किंचाळले नाहीत. टॉमने ती दारं बराच वेळ पाहिली. खिट्यांवरून नख फिरवलं.

"याच होत्या," तो म्हणाला. "मी शेवटचं हेच पाहिलं होतं. दोन्ही खिट्या वर."

मग मला म्हणाला, "तो दर ख्रिसमसला कार्ड पाठवतो, तुला माहीत आहे? पेन्झान्सहून. फक्त नाव, बाकी काही नाही. पहिली चार मी जाळली. मग मेरियन जाळू देईना, म्हणाली, ज्याला लाज आहे त्याचं जाळू नये. एकालाही उत्तर दिलं नाही मी. त्याला कसली लाज होती?"

मला हे माहीत नव्हतं, क्लिफ. तू माझ्या चुकीची माफी इतकी वर्षं टपालाने मागत होतास, आणि मला एक ओळ लिहिली नाहीस. ते बरोबरच केलंस.

मला तो म्हणाला, "तुला मी काय म्हणू ते मला आज सुचत नाही, एनिड. उद्याही सुचेलसं वाटत नाही. गुरुवारी पाई आणू नकोस." मग दाराजवळच्या टेबलावर जाऊन बसला आणि दिवसभर नावं लिहिली. तो घरी जाईल असं मला वाटलं होतं. गेला नाही.

मी दिवसभर कार्डाशेजारी उभी राहिले, दहा ते पाच. डेझमंडनी स्टूल आणून दिलं, मी बसले नाही. लोक आले, पुष्कळ. बहुतेकांनी कार्ड वाचलंच नाही, ते इंजिन बघायला आले होते. काहींनी वाचलं, माझ्या कोटावरचा नावाचा बिल्ला वाचला, मग पुन्हा कार्ड वाचलं. जुने रेल्वेवाले सात-आठ जण होते. जॅब्झचा मुलगा होता, तो म्हणाला, "आमचे वडील मरेपर्यंत म्हणत होते, ती पोरगी बाहेर आलीच नव्हती. आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय." एकजण तोंडावर थुंकल्यासारखं बोलला, ते लिहीत नाही. मी प्रत्येकाला एकच सांगितलं: हो, ती मीच. 

डेझमंडकडे मी बिल्ला आणि किल्ल्या परत दिल्या. त्यांनी किल्ल्या घेतल्या आणि बिल्ला माझ्या हातात परत ठेवला. "सतरांपैकी नऊ व्हॅन अजून ओळखायच्या राहिल्यात," म्हणाले. मी विचार करते म्हटलं. जाईन बहुतेक. टॉम गुरुवारी यायचा थांबला तर मात्र मी जाणार नाही, जागा त्याची आहे.

आता शेवटचं. काल रविवारी टॉमने मेरियनला माझ्या दारात पाठवलं. तुझा नीट पत्ता हवा होता, कार्डांवर फक्त गावाचं नाव असतं. मी दिला. आज सकाळी तिने सांगितलं की त्याने तिकीट काढलं आहे. येत्या शुक्रवारी, सकाळी सातला निघून संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी पेन्झान्सला पोचतो. दोनदा गाडी बदलायची, आणि कंबर अशी की तासभर सलग बसता येत नाही. मेरियन म्हणाली, मी बरोबर येते, तर तिलाही नको म्हणाला. त्याला तुझ्याशी एकट्याला बोलायचं आहे. त्याने मला विचारलं नाही, आणि तूही बोलावलं नाहीस, तेव्हा मी येणार नाही. कधी बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी मी इथेच आहे, आणि ते कार्ड आता क्लबाच्या भिंतीवर कायमचं आहे.

शुक्रवारी वेळेआधी फलाटावर जा. तो गाडीच्या मागच्या डब्यात बसेल, त्याला पुढे चालत जाणं जमत नाही. उजवा पाय खाली टेकवता येत नाही, डावा आधी टाकतो. काठी तो आधी बाहेर देईल, ती घे. मग हात दे. माझा घेतला नाही, तुझा घेईल.

तुला चिठ्ठी न देणारी,
एनिड फोदरगिल
पार्सल कारकून, हॉलिनबेक